सडक अर्जुनीची सडक

आपल्याकडे गावांना नावे पडली ती बहुधा झाडाझुडपांवरून, पाण्यावरून, देवावरून, नाही तर गाव वसवणाऱ्या एखाद्या पाटलावरून. वडगाव, पिंपळगाव, आंबेगाव ही नावे महाराष्ट्राच्या कोणत्याही कोपऱ्यात सापडतील. गोंदिया जिल्ह्यातही हाच रिवाज दिसतो. तिथे आमगाव आहे. सौंदड आहे, आणि सौंदड म्हणजे दसऱ्याला आपण जिची पूजा करतो ती शमी. आणि अर्जुनी तर एक सोडून दोन आहेत. नदीनाल्यांच्या काठी वाढणारा पांढुरक्या सालीचा अर्जुनवृक्ष त्या बाजूला उदंड. एका नावाची दोन गावे एकाच मुलखात असली म्हणजे टपालवाल्याची आणि सोयरिकीला निघालेल्या पाहुण्यांची पंचाईत होते. म्हणून लोकांनी त्यांना विशेषणे लावली. एक झाली मोरगाव अर्जुनी. दुसरीच्या शेजारी मोठे गाव नव्हते, किल्ला नव्हता, नावाजलेले देवस्थानही नव्हते. तिच्याजवळून एक सडक मात्र जात होती. ती झाली सडक अर्जुनी.

आज हे गाव तालुक्याचे ठिकाण आहे आणि सरकारी कागदावरही ते 'सडक अर्जुनी' असेच लिहिले जाते. रस्ता गावात येतो हे आपण रोज पाहतो. पण इथे तो गावाच्या नावातच येऊन बसला आहे. ज्या रस्त्याने हा मान मिळवला त्याची हकिकत दिवाळीच्या फराळाबरोबर ऐकण्याजोगी आहे. कारण ती एका रस्त्याची असली तरी तिच्यात भोसल्यांच्या फौजा आहेत, वंजाऱ्यांचे तांडे आहेत, दुष्काळातली खडी आहे, आगगाडीशी झालेली झुंज आहे, आणि आपल्या डोळ्यांदेखत घडलेली एक पायपीटही आहे.

नागपुराहून निघून ही सडक पूर्वेकडे जाते. मौद्यावरून भंडाऱ्याला येते, कारध्याजवळ वैनगंगा ओलांडते, लाखनी आणि साकोली मागे टाकून सौंदडाशी गोंदिया जिल्ह्यात शिरते. पुढे कोहमारा, सडक अर्जुनी, डुग्गीपार, मग शशीकरणची पहाडी, मग देवरी. नागपूर आणि रायपूर यांमधली जवळजवळ निम्मी वाट देवरीला संपते. देवरीच्या पुढे सिरपूर, मग वाघनदी, आणि नदीपलीकडे छत्तीसगड. तिथून राजनांदगाव आणि दुर्ग करीत ती रायपुरास पोचते. इंग्रजी अमदानीत तिचे नाव होते 'ग्रेट ईस्टर्न रोड', म्हणजे पूर्वेचा थोरला रस्ता. रायपूरकर अजून आपल्या शहरातल्या तिच्या भागाला 'जी. ई. रोड' म्हणतात, त्या दोन अक्षरांचा अर्थ किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे. स्वातंत्र्यानंतर ती राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ झाली. २०१० साली देशातल्या महामार्गांना नवे क्रमांक मिळाले, तेव्हापासून ती क्रमांक ५३ आहे. गुजरातेतल्या हजिऱ्यापासून ओडिशातल्या पारादीपपर्यंत, एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या मार्गाचा ती एक तुकडा आहे. ट्रकवाले मात्र जुन्या सवयीने अजून 'सहा नंबर'च म्हणतात.

*

सडक नव्हती तेव्हा वाट होतीच. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांच्या जंगली पट्ट्याला 'झाडीपट्टी' म्हणतात. या झाडीतून पूर्वेकडे जायचे म्हणजे मैकलाच्या डोंगररांगांची शेवटची टोके आणि त्यांमधले घाट पार करायचे. नागपूरकर भोसल्यांना हे घाट चांगले परिचयाचे होते. १७४१ साली रघूजी भोसल्यांचे कारभारी भास्करराम कोल्हटकर छत्तीसगडात उतरले आणि त्यांनी रतनपूरच्या हैहयवंशी राजाला नमवले. दहा वर्षांनी, १७५१ च्या तहाने, कटकपर्यंतचा ओडिशा नागपूरच्या हाती आला. रघूजींचे पुत्र बिंबाजी यांनी तर रतनपुरासच बिऱ्हाड केले आणि १७८७ पर्यंत तिथूनच छत्तीसगडाचा कारभार पाहिला. नागपूरच्या दरबाराचे एक टोक असे बंगालच्या उपसागराला टेकले होते. मधली जासुदांची, खजिन्यांची आणि फौजांची ये-जा याच झाडीतून चाले.

पण वाट जिवंत ठेवली ती फौजांनी नव्हे. फौज चार-सहा वर्षांतून एकदा जायची. वंजारी दर साल जायचा. दसऱ्याचे सोने लुटून झाले, नद्यानाल्यांचे पाणी ओसरले, की तांडे हलत. त्यांच्याजवळ गाड्या नसत. बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना गोण्या टाकायच्या आणि असे शेकडो, कधी हजारो बैल एकामागून एक हाकायचे. जाताना समुद्रकाठचे मीठ, येताना छत्तीसगडचा तांदूळ आणि गहू. बैलाला सडक लागत नाही, चारा आणि पाणी लागते; म्हणून तांड्याची वाट तळ्यातळ्यांवरून जाई. तळ्यांना तर या मुलखात तोटा नव्हता. कोहळी समाजाने बांधलेली शेकडो तळी इथे होती, आणि कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी जोडलेले नवेगावचे थोरले बांध त्यांतलेच. १७९० साली लेकी नावाचा एक इंग्रज कटकेहून नागपुरास आला. त्याने आपल्या प्रवासाचे जे टिपण छापले त्याच्या मथळ्यातच 'दक्षिण वंजारी घाट' असे शब्द आहेत. परक्या माणसालाही त्या घाटाची ओळख कोणा राजाच्या नावाने झाली नाही, ती बैल हाकणाऱ्यांच्या नावाने झाली!

या व्यवस्थेत एक मोठी उणीव होती. बैलाच्या पाठीवर मावेल तेवढाच माल आणि पावसाळा सोडून उरतील तेवढेच दिवस. छत्तीसगडात चांगले पीक आले की धान्य मातीमोल होई, कारण ते बाहेर न्यायला साधन नसे. आणि तेव्हाच दुसरीकडे कुठे अवर्षण पडले असले तर तिथली माणसे अन्नावाचून मरत. कोठारात धान्य आहे, पोटात भूक आहे, आणि मध्ये दोनशे मैलांची झाडी आहे, असा तो पेच होता.

*

१८५३ साली तिसरे रघूजी औरस वारस न ठेवता वारले आणि डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. १८६१ मध्ये त्याला सागर-नर्मदा मुलूख जोडून 'मध्यप्रांत' नावाचा नवा प्रांत करण्यात आला. पुढच्याच वर्षी रिचर्ड टेम्पल त्याचे चीफ कमिशनर म्हणून आले. हा मनुष्य विलक्षण खटपट्या. घोड्यावर बसून प्रांत पालथा घालायचा, रात्री अहवाल लिहायचे, आणि प्रत्येक अहवालात रस्त्यांची मागणी करायची, असा त्याचा खाक्या. त्या काळात नागपूरच्या चहूंकडे थोरले रस्ते काढण्याची आखणी झाली. उत्तरेचा जबलपूरकडे, दक्षिणेचा चांद्याकडे, आणि पूर्वेचा रायपूरकडे.

यात परोपकार किती आणि स्वार्थ किती, याचा हिशेब वाचकांनी आपापला करावा. कामठीला इंग्रजांची छावणी १८२१ पासून होती, आणि १८५७ नंतर पलटणी लौकर हलवता याव्यात ही त्यांची गरज झाली होती. १८६७ साली मुंबईची आगगाडी नागपुरास पोचली. म्हणजे छत्तीसगडचे धान्य एकदा नागपूरच्या स्टेशनावर आणून टाकले की ते मुंबईच्या बंदरावर गेलेच म्हणून समजावे. पूर्वेचा थोरला रस्ता हा आगगाडीच्या तोंडात घास घालणारा हात होता. तरीही एवढे कबूल केले पाहिजे की जो हात धान्य बाहेर नेतो तोच अडीनडीला धान्य आतही आणू शकतो.

रस्ता करायचा म्हणजे काय करायचे? आजच्यासारखी यंत्रे नव्हती. आधी झाडी तोडून पट्टा मोकळा करायचा, मातीचा भराव घालून तो शेतांपेक्षा उंच उचलायचा, दोन्ही अंगांना चर खणायचे, मग मोठे दगड, त्यांवर हातोडीने फोडलेली खडी, तिच्यावर मुरूम, वर पाणी शिंपून बैलांनी ओढायचा दगडी रूळ. स्कॉटलंडच्या मॅकॅडम साहेबाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ही खडीची रीत चालू केली आणि ती सगळ्या जगात पसरली. धानाच्या मुलखात या कामाला आणखी एक अडचण होती. धानाची बांधी म्हणजे चार महिने उभे पाणी. आणि सडकेचा भराव म्हणजे त्या पाण्याच्या वाटेत घातलेली भिंत. म्हणून ठिकठिकाणी मोऱ्या ठेवाव्या लागत. मोरी चुकीच्या जागी पडली की वरच्या अंगाचे शेत बुडे आणि खालच्या अंगाचे वाळे. सडक आणि शेतकरी यांची पहिली भांडणे या मोऱ्यांवरून झाली असतील, तर त्यात नवल नाही.

सडकेने वाहतुकीची जातच बदलली. बैलाच्या पाठीवरचा बोजा उतरून बंडीत आला. एका जोडीला पाठीवर जेवढे ओझे वाहता येई त्याच्या कितीतरी पट तीच जोडी पक्क्या सडकेवर बंडीतून ओढू लागली. वंजाऱ्याचा धंदा इथेच बसायला लागला. सडकेने पुष्कळांना पोट दिले. पण ज्यांनी तिच्या आधीची वाट शतकभर तुडवून ठेवली होती त्यांचे पोट तिने काढून घेतले, हेही इतिहासात लिहून ठेवले पाहिजे.

*

आता या कथेत प्रतिस्पर्धी प्रवेश करतो. नागपूरहून पूर्वेकडे मीटरगेज आगगाडी निघाली ती १८८२ साली राजनांदगावपर्यंत गेली. पुढे बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने ती विकत घेऊन रुंद केली, आणि १८९१ मध्ये तो रूळ आसनसोलला जाऊन भिडला. रूळ आणि सडक दोघेही नागपुराहून निघून छत्तीसगडालाच जायचे. पण त्यांनी वाटा वेगळ्या धरल्या. रूळ उत्तरेच्या अंगाने तुमसर, तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा करीत दरेकशाच्या घाटात बोगद्यातून पलीकडे गेला. सडक दक्षिणेच्या अंगाने साकोली-देवरीवरूनच राहिली. दोघांमध्ये पाऊण दिवसाच्या बंडीच्या वाटेचे अंतर. आणि त्या अंतराने या मुलखाचे पुढचे शंभर वर्षांचे नशीब ठरवून टाकले.

ज्या गोंदियाला सडकेच्या नकाशात जागा नव्हती ते रुळाच्या नकाशात मध्यभागी आले. १९०३ साली तिथून उत्तरेला नैनपूरकडे अरुंद रुळाची छोटी गाडी निघाली, १९०५ मध्ये ती जबलपुरास पोचली. १९०८ च्या सुमारास दक्षिणेला नागभीडची वाट झाली. चारी दिशांचे रूळ एका ठिकाणी आले म्हटल्यावर व्यापारी आले, अडत्ये आले, धानाच्या गिरण्या आल्या, तेंदूपानांच्या गोण्या आणि विडीचे कारखाने आले. जंगलातला गोंद विकायला लोक जिथे येत ते गोंदिया, अशी नावाची उपपत्ती सांगतात. गोंदाचे ते खेडे दोन पिढ्यांत तांदळाची पेठ झाले.

आणि सडक? तिची अवस्था सून आल्यावर किल्ल्या काढून दिलेल्या सासूसारखी झाली. घरात मान होता, पण कारभार नव्हता. लांबचा माल रुळावर गेला. सडकेवर उरली ती बाजारच्या दिवसाची बंडी, लग्नाच्या वऱ्हाडाची रेंगी, टपालाचा हरकारा आणि पायी चालणारे लोक. 'थोरला रस्ता' हे नाव राहिले, थोरवी गेली. रुळाकाठी गोंदिया शहर झाले, आणि सडकेकाठची गावे गावेच राहिली.

याच पडत्या काळात सडकेने एक काम केले त्याची आठवण ठेवायला हवी. १८९६-९७ आणि पुन्हा १८९९-१९०० असे दोन भयंकर दुष्काळ मध्यप्रांतावर कोसळले. धानाचा मुलूख पावसावर जगणारा. एक हस्त नक्षत्र हुकले तरी ओंबी भरत नाही. सरकारने दुष्काळी कामे काढली, आणि दुष्काळी काम म्हणजे मुख्यतः खडी फोडणे, सडका बांधणे आणि तळी खणणे. पुरुष दगड फोडीत, बाया टोपल्या वाहात, आणि संध्याकाळी मापून मजुरी मिळे. या प्रांतातल्या कितीएक सडकांच्या पोटात अशी भुकेल्या हातांनी फोडलेली खडी आहे. त्या हातांची नावे कुठल्याच दगडावर नाहीत. मैलांचे दगड आहेत, त्यांवर नुसते आकडे आहेत.

*

सडकेचे दिवस पुन्हा फिरले ते मोटारीमुळे. पहिल्या महायुद्धानंतर लष्करातून निघालेल्या लॉऱ्या देशभर धावू लागल्या. मोटारीची चाके रबरी आणि वेग मोठा. बैलांसाठी बांधलेल्या सडकेचा मुरूम त्या चाकांनी धुळीसारखा उधळून दिला. दुरुस्तीला पैसा कोणी द्यायचा? जिल्हा कौन्सिलांच्या पेट्या रिकाम्या. तेव्हा १९२७ साली एक समिती नेमली गेली, आणि तिचे अध्यक्ष होते आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. थोरले रस्ते हा आता एकट्यादुकट्या प्रांताला झेपणारा विषय नाही, सगळ्या देशाने मिळून तो उचलला पाहिजे, असा त्यांच्या अहवालाचा निष्कर्ष होता. रस्त्यावर जो चालतो त्यानेच रस्त्याला द्यावे, या न्यायाने पेट्रोलवर गॅलनमागे दोन आण्यांचा जादा कर बसला, आणि १९२९ साली त्यातून रस्त्यांचा मध्यवर्ती निधी उभा राहिला. आज आपण पेट्रोल भरताना रस्त्यांसाठी जे पैसे मोजतो त्याची मुळी इथे आहे.

पुढचे पाऊल तर प्रत्यक्ष नागपुरातच पडले. दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४३ च्या डिसेंबरात, सगळ्या प्रांतांचे मुख्य इंजिनियर नागपुरास जमले आणि त्यांनी वीस वर्षांची एक योजना आखली. रस्तेबांधणीच्या पुस्तकांत ती 'नागपूर योजना' याच नावाने शिकवली जाते. राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, जिल्हामार्ग, ग्राममार्ग ही जी वर्णव्यवस्था आज आपल्या तोंडी बसली आहे ती त्या बैठकीतली. तिच्यात एक साधे उद्दिष्ट होते. शेतीच्या समृद्ध भागात कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर असू नये. इंजिनियरांनी आकडे पुष्कळ मांडले, पण माझ्या मते त्या साऱ्या योजनेतले माणुसकीचे वाक्य ते एवढेच. रस्ता मोजायचा तो त्याच्या लांबीने नव्हे. त्यापासून सर्वांत दूर राहणाऱ्या माणसाला किती चालावे लागते यावरून मोजायचा!

१९५६ च्या कायद्याने राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या ताब्यात आले, आणि आपली सडक 'क्रमांक ६' झाली. मुंबई-कलकत्त्याच्या वाहतुकीचा ओघ तिच्यावर आला. भिलाईचा पोलाद कारखाना दुर्गशेजारी उभा राहिला. १९५९ साली तिथली पहिली भट्टी पेटली आणि त्याचे लोखंड तिच्यावरून पश्चिमेला धावू लागले. एस. टी.ची लाल गाडी साकोली-देवरीला येऊ लागली. कोहमाऱ्याचा साधा फाटा हळूहळू चौक झाला. उत्तरेला गोरेगाव-गोंदिया, दक्षिणेला नवेगावबांध, मोरगाव अर्जुनी आणि वडसा, पश्चिमेला नागपूर आणि पूर्वेला रायपूर. शंभर वर्षे एकमेकांकडे पाठ करून बसलेले रूळ आणि सडक इथे समेटाला आले. गोंदियाचा तांदूळ आता रुळावरून जातो तसा कोहमाऱ्यावरूनही जातो. सौंदडाला तर नागभीडकडे जाणारा रूळ आणि ही सडक एकमेकांना प्रत्यक्ष ओलांडतात.

*

सडक जागची हलली नाही. पण तिच्यावरची राज्ये मात्र हलत राहिली. ही गंमत पाहण्यासारखी आहे. १९५६ पर्यंत नागपूर, भंडारा, दुर्ग, रायपूर सगळे एकाच प्रांतात आणि नागपूर त्याची राजधानी. देवरीचा माणूस पूर्वेला गेला काय आणि पश्चिमेला गेला काय, तो आपल्याच घरात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. भंडारा मुंबई राज्यात गेला, दुर्ग मध्यप्रदेशात राहिला. एका रात्रीत वाघनदी ही सीमा झाली. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. १ नोव्हेंबर २००० ला पलीकडे छत्तीसगड झाले. एखाद्या म्हाताऱ्याने आयुष्यभर देवरी सोडली नसेल, तरी त्याने चार राज्यांची नावे पत्त्यावर लिहिली असतील.

सीमा आली म्हणजे नाका आला, आणि नाका आला म्हणजे ट्रकांची रांग आली. २०१७ साली वस्तू आणि सेवा कर लागू झाला तेव्हा विक्रीकराचे नाके उठले. पण माणसांच्या मनात ती सीमा कधी फारशी उमटलीच नव्हती. देवरीच्या बाजारात मराठी, हिंदी, छत्तीसगडी, गोंडी, पोवारी या पाचही बोली एकाच भाजीच्या ढिगाभोवती ऐकू येतात. नवरात्रात डोंगरगडच्या बम्लेश्वरीला जाणाऱ्यांमध्ये इकडच्यांची गर्दी असते, सोयरिकी नदीपलीकडे होतात, आणि लेक पलीकडे दिली म्हणजे परराज्यात दिली असे कोणी म्हणत नाही.

ती सीमा खरोखर जाणवली एकदाच, २०२० च्या मे महिन्यात. साथीमुळे गाड्या, बसेस, कारखाने सगळे बंद झाले. नागपूर, पुणे, मुंबई, हैदराबादेकडे पोटासाठी गेलेले छत्तीसगडचे, झारखंडचे, ओडिशाचे मजूर घरी निघाले. आणि वाहन मिळेना म्हणून पायी निघाले. डोक्यावर बोचके, कडेवर मूल, खाली उन्हाने वितळलेले डांबर. वाघनदीच्या नाक्यावर माणसांचे थवे येऊन थांबत. सडकेकाठच्या गावांतून कोणी पाण्याचे माठ ठेवले, कोणी भात रांधला, कोणी चपला वाटल्या. पलीकडे पोचल्यावर पुढच्या प्रवासाला बसगाड्या उभ्या राहिल्या.

या सडकेच्या दीडशे वर्षांच्या आयुष्यात तिने बैल, बंड्या, लॉऱ्या आणि चाळीस चाकांचे ट्रक पाहिले; पण आपल्याच मजुरांना तिने असे चालताना पूर्वी पाहिले होते ते दुष्काळात. छत्तीसगडचे धान्य आणि छत्तीसगडचे मनुष्यबळ दोन्ही याच वाटेने पश्चिमेला गेले. धान्य परत येत नाही, माणूस परत येतो. आणि तो परत येईल याची तजवीज सडक आखणाऱ्यांनी, कारखाने काढणाऱ्यांनी, कोणीच केलेली नव्हती. शंभर वर्षांपूर्वी सडकेकाठी पायी चालणाऱ्यासाठी झाड, विहीर आणि धर्मशाळा असावी असे मानीत. आता सडक चौपदरी झाली तेव्हा जुनी झाडे गेली, आणि सावलीची आठवण त्या मे महिन्यात सगळ्यांना झाली.

*

आणखी एक पांथस्थ आहेत. ते सडकेच्या लांबीने जात नाहीत, रुंदीने जातात. सडकेच्या उत्तरेला नागझिऱ्याचे अरण्य आणि दक्षिणेला नवेगावचे. पहिले १९७० साली अभयारण्य झाले, दुसरे १९७५ साली राष्ट्रीय उद्यान. मारुती चितमपल्लींच्या 'नवेगावबांधचे दिवस'मुळे आणि व्यंकटेश माडगूळकरांच्या 'नागझिरा'मुळे मराठी वाचकाला ही दोन्ही वने घरबसल्या ठाऊक झाली आहेत. २०१३ साली दोन्ही मिळून एक व्याघ्रप्रकल्प झाला. कागदावर एक, पण मध्ये ही सडक. त्याच वर्षी 'जय' नावाचा नागझिऱ्याचा तरणा वाघ निघाला तो शंभर किलोमीटरांहून लांब उमरेड-कऱ्हांडल्याला जाऊन राहिला. ते अरण्य सडकेच्या दक्षिणेला आहे; म्हणजे कोणत्या तरी रात्री, दोन ट्रकांच्या दिव्यांमधल्या अंधारात, त्याने ही सडक ओलांडली असलीच पाहिजे. तो पार झाला. सगळेच पार होत नाहीत. सांबर, बिबट्या, रानमांजर सकाळी सडकेच्या कडेला पडलेले सापडतात. म्हणून चौपदरीकरणात जनावरांना खालून जाता यावे अशा उंच पुलांची मागणी झाली.

आणि हा प्रश्न वाघाचाच आहे असे समजू नये. सडकेच्या एका अंगाला घर आणि दुसऱ्या अंगाला शेत असलेली बाई, शाळेत जाणारी पोरे, गुरे घेऊन निघालेला गोवारी, यांनाही ती आडवीच ओलांडायची असते. ज्याला हजिऱ्याहून पारादीपला जायचे आहे त्याला मधली गावे म्हणजे खोळंबा वाटतो. आणि गावाला तो धावता ट्रक म्हणजे जिवावरचा धोका वाटतो. दोघांचेही खरे आहे. जुन्या इंजिनियराला मोरी कुठे ठेवावी हे ठरवावे लागे, कारण पाण्याला पलीकडे जायचे असे. आजच्या इंजिनियराला माणसांची आणि जनावरांची मोरी कुठे ठेवावी हे ठरवायचे आहे. आता तर नागपूरहून गोंदियापर्यंत द्रुतगती महामार्ग नेण्याची योजना शासनाने पुढे आणली आहे. त्याच्यावरून गाड्या आणखी वेगाने जातील. तो कोणाच्या शेतातून जाणार आणि त्या शेताच्या धन्याला पलीकडे कुठून जाऊ देणार, हे नकाशा पक्का होण्याआधीच विचारायला हवे. एकदा भराव पडला की मोरीची जागा बदलत नाही, हा या सडकेचा दीडशे वर्षांचा अनुभव आहे.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा झाडीपट्टीत धान कापणीला आलेले असेल. भाऊबीज झाली की गावोगाव मंडया भरू लागतील. दिवसा शंकरपट आणि बाजार, रात्री दंडार, नाही तर नाटक. वडशाच्या नाटक मंडळ्या पडदे, दिवे, पेट्या आणि राजा-राणीचे पोशाख ट्रकमध्ये घालून रोज नव्या गावाला निघतील, आणि त्यांतल्या कितीएक ट्रक कोहमाऱ्याच्या चौकातून वळतील. भिलाईचे लोखंड, ओडिशाचा कोळसा, नागपूरची संत्री आणि झाडीपट्टीचा राजा हरिश्चंद्र, सगळे त्या रात्री एका रांगेत उभे असतील. रांगेच्या बाजूने, कंदील हातात घेऊन, मंडईला निघालेले एखादे कुटुंब पलीकडे जायची संधी पाहात थांबलेले असेल. ट्रकवाल्याने तेवढ्यापुरता दिवा मंद करून त्यांना जाऊ द्यावे. सडक त्याच्या नकाशावर आहे, पण ती त्यांच्या गावाच्या नावात आहे.